अकरा उचक्या

मुलांनो, गोष्टीआधी एक छोटं काम करू. मनातल्या मनातच करायचं आहे. दुधाची रिकामी पिशवी घ्या. तिच्यात पाणी भरा, पनीरचा एक मऊ तुकडा सोडा आणि तोंड घट्ट बांधा. आता पिशवी हलवा. तुकडा इकडून तिकडे जातो, पण फुटत नाही. पाणी त्याला झेलतं. आता पिशवीच्या तळाशी सुईने एक भोक पाडा, इतकं बारीक की तुम्हालाही पुन्हा सापडू नये. पिशवी उभी धरा आणि थांबा. घाई करू नका.

थेंबथेंब पाणी जातं. तुकडा खाली खाली येतो आणि शेवटी तळाला टेकून आपल्याच वजनाने चेपतो. पिशवी आडवी केलीत तर गळणं जवळजवळ थांबतं. उभी केलीत की पुन्हा सुरू.

आपला मेंदू असाच तरंगत असतो. ज्या पाण्यात तरंगतो त्याला मेरुद्रव म्हणतात. डोक्यापासून थेट कमरेपर्यंत एक लांब, पातळ पिशवी असते आणि तिच्यात हा द्रव भरलेला असतो. सगळा मिळून जेमतेम कपभर. पण त्या कपभर पाण्याची करामत अशी, की सव्वा-दीड किलोचा मेंदू त्यात एखाद्या अंड्याइतका हलका होतो.

आणि या पिशवीला पाठीत कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर?

ते भोक उज्ज्वला डांगे यांच्या पाठीत पडलं होतं.

ही गोष्ट आजपासून वीसेक वर्षांनी घडते असं समजा. एसटीच्या गाड्या विजेवर धावत असतील, तिकिटं आपोआप निघत असतील. तरी म्हाताऱ्या माणसांना हात देऊन चढवायला आणि पुढच्या गावाचं नाव मोठ्याने सांगायला कंडक्टर लागेलच. उज्ज्वला विट्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीवर कंडक्टर होत्या. अकरा वर्षं तीच फेरी, जायला तीन तास. गाडी थांबवायला बटण होतं, पण त्या वापरत नसत. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे जुन्या काळातल्या कंडक्टरचा, तिकिटं पंच करायचा लोखंडी चिमटा त्यांच्याजवळ होता. तो दांड्यावर एकदा वाजवला की गाडी थांबे, दोनदा वाजवला की निघे.

त्यांची मुलगी नीरजा बारा वर्षांची. सुट्टीत ती आईबरोबर गाडीत असे. आई तिला सांगायची, "कंडक्टर दांडा धरत नाही गं. हात मोकळे पाहिजेत. पाठ टेकवायची. पाठीला टेकू मिळाला की माणूस पडत नाही."

मार्चमध्ये एका आजीबाईंचं ज्वारीचं पोतं वर घेताना उज्ज्वलांच्या पाठीत टचकन काहीतरी झालं. दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं. उभं राहिलं की मानेतून कवटीत कुणीतरी ओढतंय असं वाटे. आडवं झालं की दहा मिनिटांत बरं.

"उभी राहिली की दुखतं, झोपली की थांबतं," सुलभाआत्या स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली. ती नीरजाच्या बाबांची थोरली बहीण, मदतीला आली होती. "असलं दुखणं मलापण पाहिजे बाई. पोळ्या लाटायला घेतल्या की उठणारं."

बाबांनी बायकोची बाजू घेतली नाही आणि बहिणीचीही नाही. दोन महिने असेच गेले. मग एका सकाळी आई झोपूनच म्हणाली, "नीरू, तासगावनंतर कोणतं गाव गं?"

नीरजाला वाटलं, आई गंमत करतेय. "कवलापूर," ती म्हणाली.

"हो. कवलापूर." आईने ओठ हलवून ते नाव दोनदा म्हटलं. "आणि तासगावच्या आधी?"

अकरा वर्षं रोज ओरडून सांगितलेली गावं आईला आठवत नव्हती. नीरजाने धावत जाऊन बाबांना बोलावलं. त्याच आठवड्यात ते सगळे मिरजेच्या एका मोठ्या रुग्णालयात आले.

तिथल्या डॉक्टर शबाना मुजावर उंच होत्या आणि भराभर बोलायच्या. त्यांनी डोक्याचा फोटो काढला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "यांचा मेंदू खाली सरकलाय. कुठेतरी गळती आहे. ती शोधून बुजवायची, एवढंच काम. शोधणं अवघड, बुजवणं सोपं."

शोधण्यासाठी त्यांच्याकडे एक नवं यंत्र होतं. कमरेतून एक निरुपद्रवी द्रव्य मेरुद्रवात सोडायचं. मग पेशंटने तीन तास ताठ बसायचं, म्हणजे द्रव्य गळतीतून बाहेर झिरपेल. नंतर यंत्र सगळ्या पाठीचे फोटो काढून सांगणार, भोक कुठे आहे ते. मानेच्या मागे बोटभर लांबीची एक चिकटपट्टी लावायची. माणूस किती वेळ सरळ बसला, कधी श्वास घेतला, कधी खोकला, हे सगळं ती टिपून ठेवायची. तिच्यावर एक बारीक दिवा होता. बसलं की हिरवा, कललं की पिवळा, आडवं झालं की लाल.

"लाल झाला तर आजचं सगळं वाया," पट्टी लावताना सिस्टर म्हणाल्या. "परत कमरेत सुई. मी मधूनमधून दारातून दिवा बघून जाईन. कोण बसतंय यांच्याजवळ?"

"मी आहे ना," सुलभाआत्या म्हणाली. बाबा कागदांच्या रांगेत उभे होते. अर्ध्या तासाने आत्या चहा घ्यायला खाली गेली. तिथे तिला माहेरच्या गावच्या दोघी भेटल्या आणि ती तिथेच रमली.

खोलीत आई आणि नीरजा दोघीच उरल्या.

चाळिसाव्या मिनिटाला आईच्या कपाळावर घाम आला. पन्नासाव्या मिनिटाला तिला ओकारी झाली. नीरजाने भांडं धरलं. आईचे डोळे एका जागी ठरत नव्हते.

"नीरू, दहाच मिनिटं आडवी होऊ दे मला. दहाच. मी मरेन गं."

दिवा पिवळा झाला होता. आई कलत चालली होती.

नीरजाने काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? घाईने उत्तर देऊ नका. तुमच्या समोर तुमची आई आहे असं समजा.

तिने आईच्या मानेवरची पट्टी हलकेच सोलून काढली आणि स्वतःच्या मानेवर लावली. दिवा हिरवा झाला. पट्टीला मान कळत होती, माणूस कळत नव्हतं. मग तिने आईला उशीवर झोपवलं, पायांवर चादर ओढली आणि स्वतः दाराकडे पाठ करून आईला झाकेल अशी बसली. शाळेत कधी बसली नव्हती इतकी ताठ. सिस्टर घाईत दारातून डोकावल्या, फक्त हिरवा दिवा पाहिला आणि पुढे गेल्या.

दहा मिनिटांनी आईला उठवायचं असं तिने ठरवलं होतं. पण आईचा चेहरा किती दिवसांनी मोकळा झाला होता. ती गाढ झोपली होती. नीरजाने पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. कोरडा लाडू घशात अडकला आणि तिला उचक्या लागल्या. मान हलली तर दिवा बदलेल या भीतीने तिने एकेक उचकी मोजली. अकरा उचक्या आल्या आणि थांबल्या.

तीन तास संपायच्या थोडं आधी तिने आईला उठवून बसवलं आणि पट्टी पुन्हा तिच्या मानेवर लावून टाकली. आईला मोघम एवढंच आठवत होतं की आपण जरा टेकलो होतो.

संध्याकाळी यंत्राचा निकाल आला. पडद्यावर निळसर कणा होता आणि त्याच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या भागात, एक नारिंगी ठिपका.

"सापडलं!" डॉक्टर मुजावर म्हणाल्या. "उद्या साडेदहाला बुजवू."

बाबांनी भिंतीला हात टेकवला. सुलभाआत्या ठिपक्याकडे बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून रडली. "माझ्या जिभेला काही हाड नाही गं उज्ज्वला. खरंच होतं गं तुझं दुखणं." ती आईचे पाय दाबत बसली. बाबांनी आईच्या केसांवरून हात फिरवला, दोन महिन्यांत पहिल्यांदा.

नीरजाला वाटलं, झालं तेही बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाबांना सगळं समजावून सांगत होत्या. नीरजा शेजारी उभी होती.

"ही जागा जराशी नाजूक आहे," त्या म्हणाल्या. "इथून एक बारीक रक्तवाहिनी पाठीच्या कण्याला रक्त पुरवते. आपण भोकावर जो डिंकासारखा पदार्थ सोडणार तो तिच्यात गेला तर पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून जागा अचूक माहीत असावी लागते. आणि ती आपल्याला माहीत आहे."

"पण त्या यंत्राला कसं कळतं?" नीरजाने विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न आवडला. "समज, तू बाहेरून घरात आलीस. सगळ्या घरात फोडणीचा वास आहे. कोणत्या खोलीत कमी, कोणत्या खोलीत जास्त. आता कोणतं दार किती वेळ उघडं होतं हे मी तुला सांगितलं, तर फोडणी कुठे दिली ते तू शोधून काढशील की नाही? आमचं यंत्र तेच करतं. द्रव्य पाठीत कुठे कुठे पसरलंय ते फोटोत दिसतं. भोक दिसत नाही. दारं कधी उघडी होती ते पट्टी सांगते. त्यावरून यंत्र उलट हिशोब करून भोकापर्यंत पोचतं."

"आणि दारांची माहिती चुकीची असली तर?"

"तर ते भलत्याच खोलीत जाईल." त्या हसल्या. "पण तुझ्या आईचा आलेख बघ. इतकं ताठ बसलेला पेशंट मी आजवर पाहिला नाही. पहिला तास थोडी डळमळली, मग सरळ रेघ! आणि ही गंमत बघ."

पडद्यावर एक हिरवी रेघ होती. मध्येच तिला बारीक काटे फुटले होते.

"उचक्या," डॉक्टर म्हणाल्या. "अकरा. उचकी आली की पाठीतला दाब वाढतो आणि गळती जोरात होते. यंत्राने नेमके हेच अकरा क्षण धरून जागा पक्की केली. उचक्या लागल्या नसत्या तर कदाचित सापडलंही नसतं."

"कोण आठवण काढत होतं देव जाणे," बाबा म्हणाले. ते कितीतरी दिवसांनी हसत होते.

ते काटे नीरजाने एकेक करून मोजले होते. तिच्या छातीतले होते ते. आईची गळती तर आडवं झाल्यावर थांबली होती. मग तो नारिंगी ठिपका कशाचा होता? कशाचाच नव्हता. यंत्राला "मला माहीत नाही" असं म्हणायला कुणी शिकवलं नव्हतं. त्याने आईच्या पाठीचा फोटो घेतला, लेकीच्या उचक्या घेतल्या, दोन्हींची गाठ मारली आणि गाठ बसली तिथे ठिपका ठेवला.

आता सांगून टाकायचं, इतकं सोपं वाटतं ना तुम्हाला? मलाही तुमच्या वयात वाटलं असतं. पण बाबा हसत होते. आत्या कालपासून "खरंच होतं गं" म्हणत होती. ठिपका खोटा आहे असं म्हटलं तर आत्या पुन्हा म्हणेल, बघा, काही नव्हतंच. आणि आईला परत सुई, परत तीन तास. नीरजाने तोंड उघडलं आणि मिटलं. आवाजच येईना.

सव्वादहाला आईला ढकलगाडीवर घेतलं. आत्याने अंगारा लावला. आई पडल्या पडल्या हसली आणि म्हणाली, "सुलभाताई, तासगावला उतरा हं." तिला वाटलं आपण गाडीत आहोत.

ढकलगाडी लांब पांढऱ्या बोळातून निघाली. पुढे ऑपरेशनच्या खोलीच्या दारावरचा दिवा लागलेला होता. डॉक्टर आत हात धूत होत्या. काचेतून नीरजाला एक बारीक, वीतभर लांब सुई दिसली. आईचे दोन्ही पाय चादरीखाली एकमेकांना चिकटून पडले होते. डाव्या अंगठ्याच्या नखावर जुनी काळी खूण होती. एकदा पत्र्याची पेटी पडली होती त्यावर. तो अंगठा हलत होता, आई नेहमी हलवायची तसा, मनात गाणं चालू असलं की.

दार उघडलं.

नीरजाच्या पिशवीत आईचा चिमटा होता. आईनेच सकाळी सांभाळायला दिला होता. तिने तो काढला आणि ढकलगाडीच्या दांड्यावर वाजवला. एकदाच.

टिंग.

"थांबा," उज्ज्वला डांगे स्वच्छ आवाजात म्हणाल्या. डोळे मिटलेले, आवाज गाडीभर ऐकू जाईल असा. "थांबवा गाडी. कुणाला तरी उतरायचंय."

गाडी ढकलणारा माणूस खरोखरच थांबला.

"कोण उतरतंय?" आईने विचारलं.

"मी," नीरजा म्हणाली आणि तिचा आवाज सुटला. "आई, मी. त्या उचक्या माझ्या आहेत. पट्टी मी लावली होती. तू झोपली होतीस. दहा मिनिटं नाही, दोन तास झोपली होतीस. तो ठिपका खोटा आहे."

बाबांना आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा ते एकदम पुढे आले. "काय केलंस तू हे? काय केलंस कळतंय का तुला?" त्यांनी हात उचलला. तो हात आत्याने मध्येच धरला.

"हेमंत, तिला नको बोलूस," आत्या म्हणाली. "तिथे बसायचं कोणी होतं? मी. मी खाली चहा पीत होते."

डॉक्टर मुजावर ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग त्या बोळातल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी काचेमागच्या सुईकडे नाही, आईच्या पायांकडे पाहिलं.

"दहा मिनिटांनी सांगितलं असतंस तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"म्हणजे गळती नाहीच का?" बाबांनी विचारलं.

"आहे. मेंदू खाली आलाय तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, त्याला पट्टी लागत नाही. पण कुठे, ते मला माहीत नाही." हे त्या अगदी सावकाश म्हणाल्या. "पुन्हा तपासावं लागेल. आजच. आणि खरं सांगते, मला भीती वाटते. मेंदू असा खाली ओढलेला असताना जास्त वेळ उभं ठेवलं तर डोक्यात रक्त साकळू शकतं. मी बाहेरच बसून राहीन. त्यांच्या बोलण्यात फरक पडला तर लगेच हाक मारायची. नुसतं दुखतंय म्हणाल्या तर मात्र आडवं करायचं नाही. तीन तास पूर्ण झाले तरच कळेल."

"कोण बसणार?" सिस्टरांनी विचारलं.

कुणी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, "ती बसेल."

पुन्हा कमरेत सुई गेली. पुन्हा मानेवर पट्टी लागली, या वेळी योग्य मानेवर. आईला खाटेच्या मधोमध बसवलं. नीरजा चपला काढून वर चढली, तिच्या पाठीला पाठ लावून बसली आणि पाय घट्ट रोवले. दोघींच्या पाठी एकमेकींना टेकल्या. आईचं सगळं वजन हळूहळू तिच्यावर आलं.

"टेकू मिळाला का?"

"मिळाला."

"विटा ते कोल्हापूर," नीरजा म्हणाली. "तीन तास. मी गावं सांगते, तू ऐक. चुकलं तर सांग."

आत्या दारात उभी होती. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि खाली जमिनीवरच बसली. बाबा कोपऱ्यात उभे राहिले. दिवा हिरवा होता.

पाव तास गेला. अर्धा तास गेला. नीरजाला आईचा चेहरा दिसत नव्हता. पाठीतून मात्र सगळं कळत होतं. आधी घाम आला, तिच्या फ्रॉकपर्यंत ओल आली. मग श्वास आखूड झाला. मग थरथर सुरू झाली, आधी बारीक, मग सगळी खाट हलवणारी. आत्याने भांडं पुढे केलं. आईला ओकारी झाली. नीरजाने मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर टेकू सुटला असता.

"तासगाव आलं," ती म्हणाली. "आई, तासगावनंतर काय?"

उत्तर आलं नाही.

"आई, तासगावनंतर काय?"

बाबा दाराकडे धावले. डॉक्टर उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"कवलापूर," आई म्हणाली. अगदी पुटपुटल्यासारखं, पण म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्या तिथेच थांबल्या.

घड्याळात पन्नास मिनिटं झाली होती. काल नेमक्या याच वेळेला आई कलली होती. नीरजाला माहीत होतं, आता काय येणार ते.

"नीरू." आईचं डोकं मागे कललं आणि नीरजाच्या डोक्याला टेकलं. "नीरू, दहाच मिनिटं आडवी होऊ दे मला. दहाच. मी मरेन गं."

दिवा पिवळा झाला.

आत्याने तोंडात पदर कोंबला. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईचं वजन डाव्या बाजूला घसरू लागलं.

नीरजा रडत होती. तिने टाचा गादीत रोवल्या, पाठ वर रेटली आणि आईला पुन्हा सरळ केलं. दिवा हिरवा झाला. मग तिने मांडीवरचा चिमटा उचलला, हात लांब केला आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर दोनदा वाजवला.